बॉनेटवरचे चरे

दामोदर,

डभोईला बुवांचं कीर्तन आहे, टाळ धरायला पहाटेच्या गाडीनं जातो. आंब्याचा मोहोर गळून मोटार पुन्हा पिवळी झाली आहे. कोरड्या फडक्यानं पुसू नकोस. तो पराग दिसायला मऊ, पण त्यात धूळ असते. घासलास की काळ्या रंगावर चरे उठतील. ऊन तापायच्या आत टपावरून भरपूर पाणी सोड, वाहून जाईल तेवढं जाऊ दे. मग रिठ्याच्या पाण्यात फ्लॅनेल भिजवून हलक्या हातानं फिरव, दर खेपेला खळबळून घे. शेवटी नुसतं टिपून घे.

हे मी चूक करून शिकलो. शनिवारी बॉनेटवर चरे दिसले, तेव्हा ते अहल्येच्या पाटल्यांनी पडले म्हणून तू तिला नाही नाही ते बोललास. बाबा रे, ते माझे आहेत. देवळात वीणेवरचा बुक्का उपरण्यानं पुसायची माझी सवय, तसाच मोहोर पुसला. उपरण्याला जरीचा काठ होता. तिनं पाहिलं होतं, तरी माझं नाव न घेता मांडवीला माहेरी निघून गेली. काल बुवा दुसऱ्याचा दोष मुकाट्यानं सोसणाऱ्याविषयी बोलले आणि माझ्या हातातले टाळ थांबले.

समोर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिलं. मोटार धुऊन तिला आणायला जा. ही चिठ्ठी तिलाही दाखव.

उद्या परतेन तेव्हा दार तिनं उघडावं, पांडुरंगाकडे एवढंच मागतो.

— नाना