पालथी बादली

मंगळवार, संध्याकाळ

आज क्लबचा पोहायचा पूल लाल झाला. माझ्याच हातानं.

नळाचं पाणी कमी येऊन राहिलं म्हणून काल बोअरनं पूल भरला. सकाळी ब्लीचिंग टाकली, अन् अर्ध्या तासात सगळं पाणी कोऱ्या चहासारखं. इथल्या बोअरमध्ये आयरन असते अन् ब्लीचिंगनं ते लाल होते, हे भिलाईत कोणाले माहीत नाही? मले कावून आठवलं नाही?

बावीस वर्षं आम्ही दोघं भाऊ या पुलावर कामाले. दादा आधी नवीन पाण्याची एक बादली भरे, तिच्यात चिमूटभर ब्लीचिंग टाके अन् चहा पिऊन येऊन पाहे. लाल झालं तर ते पाणी पुलात घ्यायचंच नाही. मी हसायचो त्याले, "बादलीले विचारल्याबिगर तुझं काही होत नाही." बादली त्याचं काम होतं. मी कधी हात लावलाच नाही.

पोहायला आलेली पोरं परत गेली. मॅनेजर म्हणाले, "तेरा भाई होता तो ये नहीं होता." खरंच तर बोलले.

तुरटी टाकली, सोड्यानं पीएच सांभाळला, पंप बंद केला. उद्यापर्यंत गाळ खाली बसेल.

मग ती बादली घेतली. दादाच्या तेरवीपासून पंपघरात पालथीच पडून होती. बोअरचं पाणी भरलं, चिमूट टाकली, बसून राहिलो. आता काय उपयोग होता? पण बसलो. हळूहळू रंग चढला, अन् मी पंपघराकडे पाहून हाकच मारली, "दादा, लाल झालं रे."