आठ वाद्यं, तीन सूर

मास्तर,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती ऐकून घ्यायला तुम्ही नाही, पण होता तेव्हाही तक्रार करणाऱ्याच्या हातात टाळ देऊन मोकळे व्हायचात, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. तर गेले आठ दिवस मला धड दाढी करता येत नाही. बोरगावात आमच्या घरामागच्या समाजमंदिरात बायकांचं भजन मंडळ सकाळी सराव करतं, आणि कधीकाळी आंजीला आमच्या मंडळासाठी तुम्ही बांधलेली चाल भिंत ओलांडून थेट माझ्या न्हाणीघरात येते. हातात रेझर असताना माणसानं ठेका धरू नये, हे शहाणपण मला हनुवटी दोन ठिकाणी कापल्यावर आलं.

लग्नसराईत तुम्ही बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचात. सराई संपली की नाटकवाल्यांची बासरी, शाळेच्या गॅदरिंगचा तबला, गणपतीतला बँजो, आणि बारा महिने गावोगावच्या भजन मंडळांना चाली बांधून देणं. मी मोजली होती, आठ वाद्यं. त्यांतलं एकही तुम्ही कुणाकडे शिकायला गेला नव्हतात. दुरुस्तीला आलेलं वाद्य परत जाईपर्यंत ते तुम्हाला येत असायचं. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही, अतिशयोक्ती हा माझा धंदा आहे, मला फरक कळतो. दुरुस्तीचं दुकान म्हणजे तुमचं स्वयंपाकघरच. मी दारात उभा आहे, तुम्ही पेटीचा भाता उघडून बसला आहात, मागे काकू ओल्या लाकडांशी झटताहेत. "इतकी हवा पेटीत भरून राह्यले, थोडीशी चुलीतई भरा न," त्या म्हणतात. तुम्ही मान वर करत नाही. "चूल बेसूर नाई झाली अजून." "जेवाले बसा, मंग समजन काय बेसूर हाय ते!" आणि तुम्ही हसता हसता सूर लावून बघता, आणि त्या धुरात तो सूर असा सरळ उभा राहतो की काकूही फुंकणी खाली ठेवतात.

मी तेव्हा विशीतला, वर्ध्याला कॉलेजात जाणारा, आंजीच्या मंडळात बसणारा. स्पर्धेसाठी नवी चाल हवी म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही चहा घेतलात, सगळ्यांना एकेक ओळ म्हणायला लावलीत आणि माझ्याकडे बोट केलंत. "तू म्हण बरं पुन्हा. एकटाच." मी म्हटलं. "अजून." मी अजून म्हटलं. तासभर तुम्ही माझंच ऐकत होता, डोळे मिटून, पेटीवर हळूच काहीतरी चाचपत. मंडळातल्या नावाजलेल्या गवयांची तोंडं पडली. मी मात्र पुढची तीस वर्षं चारचौघांत सांगत आलो, की मास्तरांनी अख्ख्या मंडळातून माझा गळा निवडला. लोक ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे. ती चाल तीन सुरांत फिरत होती, एवढंच मला खटकलं होतं. स्पर्धेच्या दिवशी मात्र तुम्ही मागे खंजिरी घेऊन बसलात, आणि ते तीन सूर जागचे हलले नाहीत, पण त्यांच्याभोवती सगळा मांडव फिरायला लागला. समोरच्या म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावत होत्या. मी समजलो, माझ्या गळ्यामुळे.

पुढे पेपरात टिंगल लिहिणं हेच माझं काम झालं आणि एकदा तुमचा नंबर लागला. "आठ वाद्यं, तीन सूर" असा लेख लिहिला मी. या गृहस्थांना वाजवायला आठ वाद्यं लागतात, पण चाल कोणत्याही गावची घ्या, तीन सुरांच्या वर पायरी नाही. माझ्यासारखा गळा हाती लागूनही नाही! लेख फार गाजला. त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे आलो, तुमचं तोंड बघायला, हे आता कबूल करतो. दमट हवेनं खंजिरीचं कातडं सैल पडलं होतं आणि तुम्ही वर्तमानपत्र पेटवून ते शेकत होता. जळत्या कागदावर माझं नाव होतं.

"तुयाच लेख हाय," तुम्ही म्हणालात. "मस्त तापते त्यानं." थाप मारून पाहिलीत, आवाज मनासारखा आला. "वाचला मी. तीन सूर मोजले तू. बरोबर मोजले."

"राग नाही आला?"

"कायचा राग? चहा घेजो, तसाच जाऊ नोको."

नंतर तुम्ही गेलात आणि तो लेख माझ्या नावाला चिकटून राहिला.

परवा हनुवटीला कापूस लावून मी समाजमंदिरात गेलो. मंडळाच्या प्रमुख बाई पवनारच्या माहेरच्या. "काऊन तापले भाऊ? चाल खराब हाय का आमची?" मी म्हटलं, चाल मास्तरांची आहे, मी ओळखत होतो त्यांना. बाईंनी टाळ खालीच ठेवले. "आमच्या पवनारलेबी आलते न ते. माह्या बापाचा गळा पार बसलेला, त्यालेच पयले गाऊ लावलं. मास्तरची रीतच होती तशी. सगळ्यात कच्चा गळा कोनाचा ते पाहे, अन् त्याले झेपन तेवढ्यातच चाल बांधे. म्हने, ज्याले कमी येते त्याले गाता आलं पायजे, बाकीचे त गातेतच." मग माझ्याकडे बघून, "काय झालं भाऊ? पानी आनू का?"

पाणी नको होतं. आंजीतला तो तास आठवत होतो. क्लॅरिनेटवर कुठंही जाऊ शकणारा माणूस डोळे मिटून माझ्या गळ्यात चौथा सूर शोधत बसला होता, तो सापडला नाही, तेव्हा त्यानं आपल्याला येणारं बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि माझ्या तीन सुरांना पुरेल असं घर बांधलं. गावोगाव, दर वेळी, कुणाच्या तरी गळ्यासाठी. आणि मी ते भर पेपरात मोजून दाखवलं. "ते तीन सूर तुयेच होते," एवढं एक वाक्य तुमच्याजवळ होतं. ते सोडून तुम्ही मला चहा दिलात. मास्तर, आठ वाद्यं वाजवणारे मी नंतरही एकदोघे पाहिले. असं गप्प बसणारा नाही पाहिला.

हे पत्र कुठं जाणार नाही, वहीतच राहील. माझ्या निवडक लेखांचं पुस्तक छपाईला जायचं आहे, त्यात तुमच्यावरचा लेख पहिला होता. आज सकाळी प्रकाशकांना फोन केला, म्हटलं, तो काढा.

"अहो, लोक तोच मागतात! झालं काय?"

"चूक आहे त्यात."

"मग दुरुस्त करून घेऊ की. कुठल्या ओळीत राहिली छपाईची चूक?"

"छपाईची नाही," मी म्हटलं. "माझी आहे."