चुना लावलेला तवा आणि आपले बंधुराज

अत्लिस्को, ३ सप्टेंबर

प्रिय आम्पारो,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, आन्सेल्मोला तू जेवणाच्या टेबलावरून उठवलंस म्हणे?" आणि मी तोंड उघडायच्या आत रडायला लागलीस, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही. तू बरी असशील, तुझ्या नवऱ्याची कंबर सरळ झाली असेल आणि चिवावात पाऊस नसला तरी नळाला पाणी येत असेल, असं धरून चालते. मी उत्तम आहे. गुडघा सोडून.

गुडघ्याचं तुला ठाऊकच आहे. एकवीस तारखेला पुएब्लाच्या इस्पितळात तो कापणार, आणि पुढे सहा आठवडे मी शेगडीपुढे उभं राहायचं नाही. आता बायको, देल्फिना, वारल्यापासून दोन वर्षं आपला भाऊ रोज दुपारी अडीच वाजता माझ्या दारात उभा राहतो. (अडीच म्हणजे अडीच. मोजणी खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस.) अर्ध्या राज्याच्या जमिनी त्याने मोजल्या, पण स्वतःच्या घरच्या शेगडीचं कुठलं बटण फिरवलं की कुठला जाळ लागतो, हे सहासष्टाव्या वर्षी त्याला सांगता येत नाही. सहा आठवडे हा काय खाणार? म्हणून मी ठरवलं, की एकवीस तारखेच्या आत याला एक पदार्थ आलाच पाहिजे, आणि तोवर माझ्याकडचं जेवण बंद. टेबलावरून उठवलं म्हणतेस ते हेच.

पदार्थ निवडला तो चीज घातलेल्या केसादियांचा. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मक्याच्या गरम तोर्तिया, मूठभर चीज, एपासोतेचं एकेक पान. पेन्शनीत बसतं आणि सहा वर्षांच्या मुलीलाही जमतं. (तुमच्याकडे मैद्याच्या तोर्तिया घेतात हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी या पत्रात काही बोलणार नाही.) पहिल्या दिवशी त्याला बाजारात पाठवलं. लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं, दोरे सुटणारं चीज आण, असं मी दोनदा सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. हा घेऊन आला वाळकं, भुरभुरीत, उसळीवर कुस्करून घालायचं चीज. का, तर विकणारी बाई म्हणाली की हे महिनाभर टिकतं. टिकणारच! ते तव्यावरही टिकलं. पाव तास जाळ दिला तरी फळ्यावरच्या खडूसारखं जसंच्या तसं. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण वितळायला इतका ठाम नकार देणारा पदार्थ मी वर्गात कधी दाखवू शकले नाही. शिवाय प्रत्येक केसादियात तीस ग्रॅम यावं म्हणून याने ते पट्टी लावून कापलं होतं.

दुसऱ्या दिवशी चीज बरोबर आणलं, तर तवा गेला. देल्फिनाचा मातीचा तवा दोन वर्षं भिंतीला टांगलेला होता. त्यावर धूळ बसली म्हणून याने तो शेगडीवर तापवला आणि तापलेल्यावर साबणाचं गार पाणी ओतलं. तडकल्याचा आवाज मी भिंतीपलीकडे माझ्या घरात ऐकला. गेले तेव्हा तो दोन्ही तुकडे हातात धरून उभा होता, एकमेकांना लावून बघत.   दोनच्या सुमाराला माझ्याकडचं सूप त्याच्या दारात ठेवून आले, तेव्हा जेवण अगदीच बंद होतं असंही नाही, हे तू ध्यानात घ्यावंस.

मग नवा तवा आणला. नव्या तव्याला आधी चुना लावायचा असतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? चुना पाण्यात कालवायचा, दोन्ही बाजूंना फासायचा, वाळवायचा, मंद जाळावर पांढरा होऊ द्यायचा आणि पुसायचा. म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. याने चुना फासला, वाळवला, जाळ दिला, सगळं यथासांग. मग तोर्तिया टाकली, आणि ती तव्याची झाली. उलथनं चालेना. शेवटी गवंड्याची थापी आणली. शेजारच्या एंग्रासियाबाई कुंपणावर कोपरं टेकून बघत होत्याच. "ओतिलियाबाई नाहीत का घरी? नाही, आन्सेल्मोराव भिंत लिंपतायत की जेवतायत, ते विचारायचं होतं!" मी तिथेच, त्यांच्या समोर उभी होते.

मी विचारलं, चुना आणलास कुठून? तर बागेतल्या झाडांच्या बुंध्यांना लावून उरलेल्या बादलीतला. त्या बादलीत याने स्वतःच्या हाताने मीठ आणि निवडुंगाचा चिकट रस घातला होता, पावसाळ्यातही चुना झाडाला धरून राहावा म्हणून! मी म्हटलं, "अरे, जो चुना पावसाने सुटत नाही, तो तोर्तियाला सोडेल का?" तर म्हणतो, "ताई, चुना तो चुना." "हो का? मग कोळसा तोच हिरा, असं समजून देल्फिनाला लग्नात कोळशाची अंगठी घालायची होतीस." तो म्हणाला, "तिने घेतली असती." आणि खरंच घेतली असती. हे तुला सांगते, पण त्याला सांगू नकोस.

आता चांगला चुना लावून तवा तयार झाला आहे. काल त्याने चार केल्या. तोर्तिया तापवली, चीजचे दोरे हाताने सोडवले (पट्टी मी काढून घेतली आहे), पान ठेवलं, दुमडली, दाबली, उलटली. दोन खाण्याजोग्या होत्या. तेव्हा तो उपाशी मरणार नाही, आणि तुला रडायचं कारण उरलेलं नाही.

तुझी ताई,
ओतिलिया

ता. क. इथे यायचं काढू नकोस. तुझा नवरा अंथरुणावर आहे, आणि मला कुणाची गरज नाही.

ता. क. २. पाकीट बंद करायच्या आधी खरं ते लिहिते. आन्सेल्मो सहा आठवडे कोपऱ्यावरच्या खाणावळीत सूप पिऊन राहिला असता. मी शेगडीपुढे उभी राहू शकत नाही, तर मला कोण घालणार जेवायला, हा प्रश्न होता. हे मी त्याला विचारणार नाही. तू फोन कर, आणि तुलाच सुचलं असं दाखवून त्याला सांग, की रोज अडीच वाजता तवा घेऊन ताईकडे जा आणि दोघांचं तिथेच कर. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. ३. फोन करू नकोस. तो आत्ता येऊन गेला. म्हणाला, "एकवीसनंतर मी आत कसा येणार? तू तर दार उघडायला उठणार नाहीस." नोंद करून ठेवते. त्याच्याकडून मिळालं: केसादिया तीन, रुमालात गुंडाळलेल्या, गरम, पैकी एक कडेला जळालेली. माझ्याकडून दिलं: स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची किल्ली एक, आणि त्याची पट्टी परत.