व्हिडिओतला हात

काबेलवोग, ९ फेब्रुवारी १९९५

चि. आयविंड यास,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळपासून बर्फ पडतो आहे. तिरिलने लापशी खाल्ली, मग नेहमीसारखी लोकरीत गुंडाळून अंगणात बाबागाडीत झोपली. दुपारी मी लोकर धुतली.

तू तिला घरी न्यायचं म्हणतोस. माझी लेक ओडनी, तुझी बायको, जाऊन चारच महिने झालेत. पोर तुझ्याकडे रडते, माझ्याकडे शांत होते. उन्हाळ्यापर्यंत राहू दे. ओडनी म्हणायची, तू बाळाला ओल्या माशासारखं धरतोस. आठवून रागावू नकोस. तुझं नि तिचं जुळावं म्हणून चाललेल्या उपचाराला मी तिला घेऊन दर मंगळवारी केंद्रात येतेच आहे.

जेवत जा.

गुडवेग आईचे आशीर्वाद


स्वोल्वेर, १६ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

समोर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो. मंगळवारी तुम्ही तिरिलला घेऊन गेल्यावर केंद्रातल्या बाईंनी मला आमच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला, आवाज बंद करून. मला वाटायचं, ती माझ्याकडे बघतच नाही. बघते. ठोकळा पडला की आधी माझ्याकडेच बघते आणि थांबते. मी हात पुढे करेपर्यंत बाजूने दुसरा हात येतो आणि ठोकळा देतो. दर वेळी. तो हात तुमचा आहे, आई. बाईंनी तिथे व्हिडिओ थांबवला फक्त.

तुम्ही नसता तर आम्ही या हिवाळ्यात तरलो नसतो. तरी पुढच्या मंगळवारी बाहेर बसाल का?

माया कमी करू नका.

आपला आयविंड


काबेलवोग, १ मार्च

चि. आयविंड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. लेक गेल्यापासून या हाताला काम हवं होतं, एवढंच.

मागच्या मंगळवारी बाहेर बसले. ती रडायला लागली तसा माझा हात दाराच्या मुठीवर गेला. तेवढ्यात आतलं रडणं थांबलं. मी परत बाकावर बसले.

काल तू तिला घरी नेलंस, तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही. बरं वाटलं, आणि नाहीही. अजून माशासारखंच धरतोस. तिची तक्रार दिसत नाही.

रविवारी या, वॅफल करीन. आल्याआल्या तिला माझ्या हातात देऊ नकोस.

दोघांनी लोभ ठेवा.

गुडवेग आई

ता. क. आज तिच्या झोपेच्या वेळी अंगणात गेले. बाबागाडीची जागा बर्फाने भरली होती. फावडं घेऊन तेवढी मोकळी केली.