चौकातली हिरवळ

शुक्रवार, १० मे. सायं. ५.३०
बायकोला घेऊन केंब्रिजला पोचलो. दोन दिवस नुसता आराम.
संकल्प: ह्यू पेल्हमचा हेवा करायचा नाही. हेवा करण्यासारखं आहे तरी काय? एका वर्गात होतो आम्ही. नोट्स माझ्या, कॉलेजचा फेलो, म्हणजे इथला मानाचा प्राध्यापक, मात्र तो झाला. मी रेडिंग शहरात बाथरूमच्या फरशा विकतो आणि पूर्ण समाधानी आहे.
कॉलेजातच पाहुण्यांची खोली मिळालीय. खिडकीखाली ती हिरवळ, जिच्यावर फक्त फेलोंनी चालायचं. विद्यार्थी असताना तिच्यावर एक पाऊल टाकलं, तर पोर्टरने, म्हणजे कॉलेजच्या दरवानाने, चारचौघांत हाकललं होतं मला. एकतीस वर्षं झाली. केव्हाच विसरलोय.

शनिवार, सकाळी ११
ह्यूचे केस अजून शाबूत. टोप असावा.
चौकातून निघालो. ह्यू म्हणाला, चल रे क्लाइव्ह, गवतावरूनच जाऊ, फेलोबरोबर असलं की पाहुण्यांना चालतं. फेलोबरोबर! म्हटलं, नको, तत्त्वाचा प्रश्न आहे.
हिलरीला मात्र कसलंच तत्त्व नाही. सँडल हातात घेऊन त्याच्यासोबत थेट मधून गेली, खिदळत. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही विनोदाला ती अशी हसलेली नाही. जळफळाट झाला. (कडेच्या खडीवरून चालल्यामुळे.) वळसा बराच मोठा आहे. दोघं पलीकडे थांबले होते.

दुपारी ४
ह्यूच्या बायकोने चहाबरोबर खायला स्कोन केले. उत्तम झाले होते. फार राग आला.
ह्यू म्हणतो, किती निवांत दिसतोस, मला तुझा हेवा वाटतो. लबाड! यातही माझ्यापुढे जायला बघतो.
निर्णय: उद्या पहाटे हिरवळ ओलांडणार. एकटा. कुणाच्या मेहेरबानीवर नाही. निव्वळ व्यायाम म्हणून.

रविवार, सकाळी ६.४०
गेलो! मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आनंदाने डोळे भरून आले.
तेवढ्यात पोर्टर बाहेर आला. मी कडक उत्तर तयार ठेवलं होतं. तो नुसता मान लववून आत वळला. शेवटी मीच ओरडलो, अहो, मी गवतावर आहे!
म्हणाला, दिसतंय की साहेब, होऊ द्या सावकाश. डॉक्टर पेल्हम काल चिठ्ठी ठेवून गेलेत. लिहिलंय, माझा मित्र पहाटे गवतावर येईल, त्याला अडवू नका, बिचाऱ्याच्या फार वर्षं मनात आहे.
खडीवरून परत आलो.

७.००
मोजे ओलेचिंब. हिलरीने डोळे न उघडताच विचारलं, झालं का एकदाचं?
म्हटलं, काय?
म्हणाली, गवत.