मृग नक्षत्रासाठी काढलेला फ्यूज

२० जानेवारी २०१९, रात्री ९
आजपासून ॲस्ट्रोफोटोग्राफी. कॅमेरा आला, राइट टाउनच्या बाजारातून ट्रायपॉडही आणला. वर्षअखेर एखाद्या मासिकाच्या कव्हरवर माझा फोटो. नंदाला म्हणजे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी गच्चीवरच्या वड्या उचला.

२४ जानेवारी
पंधरा फोटो. सगळे संत्र्याच्या सरबतासारखे. दोष कॅमेऱ्याचा नाही. माझा तर नाहीच. गच्चीसमोर गल्लीचा खांब आहे, त्याचा दिवा थेट लेन्समध्ये.

२९ जानेवारी
कॉलनीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला. महिन्यातून एक रात्र दिवा बंद. सेक्रेटरी बापूसाहेब म्हणाले, काहून? मी विज्ञानावर दहा मिनिटं बोललो. ते म्हणाले, अच्छा, चलो, पुढचा विषय कचऱ्याच्या गाडीचा.
या लोकांना आकाश नकोच आहे.

३ फेब्रुवारी, रात्री ११
उद्या अमावस्या. दहा वाजता खांबाच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात ठेवला. चोरी नाही ही. तासाभराचा प्रश्न.
मृग नक्षत्राचे चाळीस फोटो. आकाश अजून नारिंगीच, पण मधले तीन तारे मोजता येतात. जरा पडतो. मग फ्यूज लावायचा.

४ फेब्रुवारी, दुपार
झोप लागली.
समोरच्या सत्यभामाकाकू पहाटे साडेचारला नदीवर ग्वारीघाटला निघाल्या, मौनी अमावस्येच्या स्नानाला. सत्तरीच्या, एकट्या राहतात. अंधारात पाय नालीत गेला. मनगट मोडलं. आवाज ऐकून मीच खाली धावलो, ऑटोतून दवाखान्यात नेलं. फ्यूज पँटच्या खिशातच होता.
सगळे म्हणाले, गुणवंतभाऊ होते म्हणून बरं. ती काही बोलायची वेळ नव्हती.

६ फेब्रुवारी
फ्यूज लावायला दोनदा गेलो. खांबाखाली आता सतत कोणीतरी उभं. बापूसाहेबांनी वीज ऑफिसला द्यायचा तक्रारीचा हिंदी अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, माझी हिंदी चांगली म्हणून. ‘अक्षम्य लापरवाही’ हे शब्द माझेच.
फोटो पाहिले नाहीत.

९ फेब्रुवारी
काकूंकडे गेलो. सांगायचंच ठरवलं होतं. सुरुवात शहरातल्या उजेडापासून केली. त्यांनी थांबवलं.
“मी खिडकीतून पाहिलं होतं तुम्हाला. पेटीत हात घालून राहिले होते. वाटलं, दुरुस्त करून राहिले.”
मग कोणाला सांगितलं का नाही, असं विचारलं.
“तुम्ही सांगाल म्हणून थांबली.”
डाव्या हातानं त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. थोडा सांडला. मी प्यायलो.

बाहेर येऊन भर दुपारी फ्यूज लावला. दिवा लागला; तो दिवसाही कोणी बंद करत नाही. बापूसाहेब गेटपाशीच होते. त्यांना सांगितलं, इतके दिवस माझ्या खिशात होता. त्यांनी काकूंच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, काकूंचं पाणी शेजारचे भरून राहिले, उद्यापासून तुम्ही भरा.
हो म्हटलं. नळ पहाटे पाचला येतो.