प्रॅक्टिसची पेशंट

३ नोव्हेंबर

झाली नोकरी सोडून! परदेशात नर्स व्हायचंय म्हणे मला. इंग्रजी बोलायची परीक्षा या महिन्याच्या शेवटी. समोरचा माणूस पेशंट होऊन तक्रार सांगणार, आपण इंग्रजीत विचारपूस करायची. सुई टोचताना हात थरथरत न्हाई माझा, पण इंग्रजी म्हटलं की जीभ टाळूला चिकटते.

क्लासचे विजयकुमार सर म्हणाले, "घरात कुणालाही पेशंट करा. रोज बोला. रेकॉर्डिंग पाठवा." घरात आहे कोण? बाबा शेतात. धाकट्या बालाजीला हसूच आवरत न्हाई. राहिली माय.

५ नोव्हेंबर

माय तयार! कापूस वेचून आली, हातपाय धुतले आणि ओसरीवर ऐसपैस बसली. तिनं आपल्या बोलीत दुखणं सांगायचं, मी इंग्रजी शब्द लावून पुढचं विचारायचं.

"अंगात कसकस होऊन राहिली."

पहिल्याच चेंडूवर दांडी गुल! कसकस म्हणजे फीव्हर न्हाई, पेनही न्हाई. मोबाईल धुंडाळला तेव्हा कुठं 'मलेझ' सापडला. मायला म्हणून दाखवला. "या शब्दानं कोण सुट्टी देईल?" म्हणाली.

८ नोव्हेंबर

मळमळ — नॉशिया. मुंग्या — टिंगलिंग. गरगरणं — डिझिनेस. सरांचा निरोप: "पेशंटला व्हेरी गुड म्हणू नका."

बाई उलटी झाली सांगून राहिली आणि मी व्हेरी गुड! रेकॉर्डिंग ऐकलं. शी! हा आवाज माझा?

१२ नोव्हेंबर

माय तर पक्की नटी निघाली! "दोन ओळी वेचल्या की दम लागतो. आडवं झालं की जीव गुदमरतो, उशाला दोन गोधड्या लागतात. सांजच्याला पाय जड होतात."

ब्रेथलेसनेस! स्वेलिंग! शब्द कसे धडाधड आले तोंडात. मी जाम खूश. तिला दहापैकी नऊ मार्क दिले. एक कापला, कारण बोलता बोलता लई थांबते. म्हटलं, माय, एवढं नाटकी नको करू.

"बरं बाई."

१३ नोव्हेंबर

आज पुन्हा तोच आजार. दुसरा घे की, म्हटलं. म्हणे, "ह्योच नीट येतो मला."

१६ नोव्हेंबर

सरांचा फोन. मला वाटलं शाबासकी द्यायला! "इंग्रजी सुधारलं तुमचं. पण त्या बाईंना खरोखर धाप लागलीय असं वाटतं. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा पाय पुढं ओढला, घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला. बुजेचना. पायात पाणी साठलेलं!

तीन वर्षं नर्सिंग शिकले मी! वॉर्डात परक्या बायांचे पाय दाबून पाहत होते. आणि घरी? घरी शब्द जमवून राहिले होते. आग लागो माझ्या शहाणपणाला. मला रडूच फुटलं.

"माय, काहून बोलली न्हाईस गं?"

"कापूस फुटून पडलाय, वेचायला बाया मिळंनात. वेचणी उरकली की जाऊ म्हटलं. तू काहून रडू लागली?"

बाबांनी ऐकलं. ताटावरून उठले आणि कुणाची जीप मिळते का पाहायला गेले.

१८ नोव्हेंबर

नांदेडचा मोठा दवाखाना. हृदयाची झडप अरुंद झालीय. ऑपरेशन करावं लागंल, पण उशीर झाला न्हाई म्हणाले. परीक्षेचं नंतर बघू.

डॉक्टर मायवर जरा रागावलेच, "इतके दिवस अंगावर काढलं? घरात कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की!" मायनं माझ्याकडं पाहिलं, लेकीचं कौतुक सांगावं तशी. "हिनं दहापैकी नऊ दिले."